चौथ्या वर्षाचा प्रबंध: आधी दप्तर बघा, मग विषय ठरवा

बीएच्या चौथ्या वर्षाला रिसर्चवालं ऑनर्स घेतलं की कॉलेज सुरुवातीलाच एक फॉर्म हातात देतं, शीर्षक लिहा, गाईडचं नाव लिहा, सही आणा, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कारण शीर्षक लिहायला काहीच लागत नाही. 'महाराष्ट्रातील वाचनसंस्कृती: एक चिकित्सक अभ्यास' असं ठोकून मोकळं होता येतं, गाईडही घाईत असतात, सही मिळते, आणि मग दिवाळी उलटली तरी पोरं नेटवर वाचनसंस्कृतीवरचे लेख गोळा करत बसलेली असतात. ज्युनिअर्सचे असे बरेच खर्डे माझ्याकडे वाचायला येतात. त्यातले जे फसतात ते भाषेमुळे किंवा हुशारी कमी पडली म्हणून फसत नाहीत, त्या विषयावर हाताला लागेल असं साहित्यच नव्हतं म्हणून फसतात. त्यामुळे माझा सल्ला उलटा आहे, आधी कागद शोधा, मग प्रश्न ठरवा, शीर्षक सगळ्यात शेवटी. (फॉर्मवर काहीतरी लिहावंच लागेल, लिहा, पण 'शीर्षक बदलता येतं का आणि कधीपर्यंत' हे ऑफिसात त्याच दिवशी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी येतं.)

आधी वेळेचा हिशोब. यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये जो क्रेडिटचा आराखडा काढला त्यात पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा जास्त असलेल्यांना ऑनर्स विथ रिसर्च घेता येतं आणि त्यातल्या प्रबंधाला १२ क्रेडिट आहेत. तुमच्या विद्यापीठाचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, स्वतःचं हँडबुक बघा. प्रोजेक्टच्या एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२ चे होतात ३६० तास. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्याच वर्षात बाकीचे पेपर आहेत, इंटर्नल आहेत, घरातली लग्नं आहेत. शिवाय यातले शंभर तास तरी लिखाणाला आणि सुधारणांना जातात. म्हणजे शोधायला, वाचायला, नोंदी करायला अडीचशे तास. आता या अडीचशे तासांत महाराष्ट्राची वाचनसंस्कृती बसते का बघा. नाही बसत. एका तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाची पंधरा वर्षं बसतात, तीही कशीबशी.

तर हेच उदाहरण घेऊन पुढे जाते, कारण आपल्याकडे जुनी वाचनालयं गावोगाव आहेत, रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, आणि या मोठ्या नावांच्या पलीकडे अशी शेकडो आहेत ज्यांच्याबद्दल कोणीही काहीही लिहिलेलं नाही. ही दुसरी जात तुमच्या कामाची. मोठ्या वाचनालयाचा शतकमहोत्सवी ग्रंथ निघालेला असतो आणि मग तुम्ही त्याचाच सारांश लिहिता.

करायचं काय तर फॉर्म भरायच्या आधी एक दिवस त्या वाचनालयात जायचं आणि ग्रंथपालांना एवढंच विचारायचं की जुनी रजिस्टरं कुठली कुठली शिल्लक आहेत. वाचनसंस्कृतीबद्दल तुम्हाला काय वाटतं हे विचारू नका, तासभर भाषण मिळेल आणि ते तुम्हाला प्रबंधात कुठेच वापरता येणार नाही. रजिस्टरं साधारण अशी असतात: दाखल रजिस्टर, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक, तारीख, लेखक, प्रकाशक, किंमत, विकत घेतलं की देणगी. सभासदांचं रजिस्टर, वर्गणी आणि अनामत. देवघेवीच्या नोंदी, या बहुतेक वेळा रद्दीत गेलेल्या असतात, मिळाल्या तर नशीब. कार्यकारी मंडळाच्या सभांची इतिवृत्तं. वार्षिक अहवाल, अर्धे गायब. कपाट उघडलं की ही यादी वहीत लिहा, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, मधली कुठली वर्षं नाहीत, पानं वाळवीने खाल्लीत का, अक्षर लागतंय का. ही दोन पानांची यादी म्हणजे तुमच्या प्रबंधाचा खरा पाया आहे आणि गाईडकडे पहिल्यांदा जाताना शीर्षकाऐवजी ही घेऊन गेलात तर त्यांचा तुमच्याकडे बघायचा नूरच बदलतो.

आता यादीवरून प्रश्न. समजा दाखल रजिस्टर १९६५ ते १९८५ सलग आहे आणि इतिवृत्तं १९७० नंतरची आहेत. लगेच डोक्यात यायला हवं की महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, अनुदानाचे नियम १९७० चे, मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे पैसे. मग प्रश्न असा होतो: सरकारी अनुदान सुरू झाल्यावर या वाचनालयाने कुठली पुस्तकं घेतली, आणि त्याआधी घेत होतं त्यापेक्षा त्यात काय बदललं? बघा, यात जागा ठरली, काळ ठरला, आधी आणि नंतर अशी तुलना आली, आणि उत्तर कपाटात आहे हे तुम्हाला आधीच माहितीय. 'वाचनाची आवड का कमी झाली' या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कपाटात नाही. प्रश्न चांगला आहे की नाही हे तपासायची माझी एकच रीत आहे, त्याचं उत्तर 'आपल्याला वाटलं होतं तसं नाही' असं निघू शकतं का? उत्तर आधीच ठरलेलं असेल तर तो प्रश्न नाही, निबंधाचा विषय आहे.

रजिस्टर वाचणं हे स्वतःच एक काम आहे आणि इथे जरा थांबून सांगते कारण हे कोणी शिकवत नाही. वीस वर्षांचं रजिस्टर म्हणजे हजारो नोंदी, सगळ्या उतरवायला गेलात तर मार्च उजाडेल. नमुना घ्या. म्हणजे १९६८, १९७३, १९७८, १९८३ अशी चार वर्षं पूर्ण उतरवायची, बाकीची नुसती नजरेखालून घालायची. का हीच वर्षं, ते एका वाक्यात लिहून ठेवा, वायवाला (तोंडी परीक्षेला) विचारणार म्हणजे विचारणार. एक्सेल शीटला कॉलम कमी ठेवा: दाखल क्रमांक, तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कसं आलं, प्रकार. 'प्रकार' हा कॉलम तुमचा आहे, बाकीचे रजिस्टरचे, ही गोष्ट डोक्यात पक्की हवी, कारण एखादं पुस्तक 'धार्मिक' की 'चरित्र' हे तुम्ही ठरवताय, संतचरित्र कुठे टाकणार? नियम करा, पहिल्याच दिवशी, आणि तो परिशिष्टात द्या.

आणि 'कसं आलं' या कॉलमकडे नीट बघा, खरी गंमत तिथेच आहे. १९७२ मध्ये कलकत्त्याला राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन स्थापन झालं, तिथूनही ग्रंथालयांना पुस्तकांची मदत यायला लागली. म्हणजे रजिस्टरमध्ये पुस्तक आहे याचा अर्थ ते गावातल्या कोणाला वाचायचं होतं असा होत नाही, कमिटीने निवडलं असंही होत नाही. ते कुठल्यातरी योजनेतून आलेलं असेल, कोणाच्या वडिलांच्या पश्चात त्यांच्या कपाटासकट देणगी आलेलं असेल, किंवा मार्च अखेरीला अनुदान संपवायचं म्हणून एका दिवसात एकाच दुकानातून घेतलेलं असेल (तारखा बघा, एकाच तारखेला दीडशे नोंदी दिसल्या की समजायचं). फक्त विकत घेतलेली पुस्तकं वेगळी काढली तर वेगळंच चित्र दिसू शकतं आणि तिथे तुमचं एक अख्खं प्रकरण तयार होतं.

जे नाही त्याच्याकडेही बघा. दलित आत्मकथनं सत्तरच्या दशकाच्या शेवटी यायला लागली, त्यांच्यावर गावोगाव चर्चा झाल्या, ती या रजिस्टरमध्ये कुठल्या वर्षी आली? आलीच नाहीत? पण इथे उडी मारू नका. पुस्तक नाही म्हणजे कमिटीने नाकारलं असं सिद्ध होत नाही, इतिवृत्तात मागणी आली आणि फेटाळली असं काही सापडलं तर म्हणा, नाहीतर 'नोंद आढळत नाही' एवढंच. तसंच सभासदांच्या आडनावांवरून जात ठरवून तक्ते करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका, आडनावावरून जात नेहमी कळत नाही आणि परीक्षकाला एक चुकलेलं आडनाव सापडलं की सगळा तक्ता गेला. शिवाय ती जिवंत माणसं आहेत, त्यांची नावं छापायची नाहीत, पुरुष किती बायका किती, वर्गणी किती, एवढं पुरे.

तुमचा विषय वाचनालयाचा नसेल तरी रीत हीच. इतिहासवाल्यांना मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, पुण्याला पेशवे दफ्तर (पेशवाईतले कागद, बहुतेक मोडी लिपीतले), कोल्हापूरला वेगळं. पण मोडी येत नसेल तर पेशवे दफ्तरावर स्वतंत्र काम घेऊ नका हे मी स्पष्ट सांगते, मोडीचे वर्ग असतात, शिका जरूर, पण मोडी शिकणं आणि त्यातच प्रबंध करणं हे एका वर्षात जमणारी मंडळी फार थोडी. छापील साहित्य चालणार असेल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), मुंबईच्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी. गोव्याच्या मुलांना पणजीची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ पासूनची, पण तिथले जुने पेपर बघायचे तर पोर्तुगीज लागतंच. सगळीकडे कॉलेजचं पत्र लागतं, प्राचार्यांच्या सहीचं, शिक्क्यासकट, चार-पाच प्रती एकदम करून घ्या. फोटो काढू देतात का, झेरॉक्सचे किती, सुट्ट्या कधी, हे फोन करून विचारून मग गाडीत बसा.

साहित्यवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, 'अमुक कवीच्या कवितेतील स्त्री' हा विषय अजून चालतो पण त्यात स्वतःचं काही सांगायला जागा उरलेली नाही. त्यापेक्षा एखाद्या मासिकाची पाच वर्षं घ्या, त्यातला वाचकांच्या पत्रांचा कॉलम घ्या, किंवा दिवाळी अंकातल्या जाहिराती. मराठीत दिवाळी अंक १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने काढला तेव्हापासून आहेत, साहित्याला तोटा नाही.

मुलाखती घेणार असाल तर दोनच गोष्टी. एक, तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला पाच-सहा तास जातात, त्यामुळे वीस मुलाखती असं प्रपोजलमध्ये लिहू नका, पाच चांगल्या खूप झाल्या. दुसरं, समोरच्याला आधी मराठीत नीट सांगा की हे कशासाठी आहे, नाव वापरायचं की बदलायचं, आणि संमतीच्या कागदावर सही घ्या, कॉलेजचा नमुना इंग्रजीत असेल तर मराठी करून घ्या कारण ऐंशीच्या घरातल्या माजी ग्रंथपालांकडून न कळणाऱ्या कागदावर सही घेणं याला संमती म्हणत नाहीत. प्रश्न थेट कागदावरचे विचारा. 'आजोबा, १९७३ ला एकाच दिवशी एवढी पुस्तकं कशी काय आली?' असं विचारलंत तर माणूस खुलतो. 'तुमच्या काळात वाचन कसं होतं' म्हटलं की सगळे छानच होतं म्हणतात.

आता वाचन, म्हणजे आधी कोणी काय लिहिलंय ते. शोधगंगावर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, मराठीतले पण भरपूर, फक्त शोधताना देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा कारण नोंदी कशाही केलेल्या असतात. तिथल्या प्रबंधांची संदर्भसूची आधी वाचा, प्रबंध नंतर, बऱ्याचदा सूचीच जास्त कामाची असते. कॉलेजला एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ऑनलाइन जर्नल्स आणि ई-पुस्तकांची सोय) आहे का ते ग्रंथपालांना विचारा, असूनही मुलांना लॉगिन दिलेलं नसतं हा नेहमीचा अनुभव. जेस्टोर या संशोधन लेखांच्या साइटवर स्वतःचं फुकट खातं काढलं तरी बरेच लेख ऑनलाइन वाचता येतात. वाचून झाल्यावर प्रत्येक लेखाला तीन ओळी: हा काय म्हणतो, कशाच्या जोरावर म्हणतो, माझ्या रजिस्टरशी याचा काय संबंध. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर तो लेख सोडून द्या, कितीही मोठ्या माणसाचा असला तरी. फुकोसारख्या फ्रेंच विचारवंताला आणून बसवायचं आणि मग पुढच्या साठ पानांत त्याचं नावही नाही, असं फार बघायला मिळतं.

एआयचं पण बोलून टाकू. इंग्रजी वाक्य नीट करायला, एक्सेलचा फॉर्म्युला विचारायला वापरा, कॉलेजचा नियम काय आहे तो बघून. संदर्भ मात्र त्याला विचारू नका, अस्तित्वात नसलेलं पुस्तक तो प्रकाशक आणि सालासकट देतो आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर जास्तच. स्वतः हातात धरलेलं किंवा स्क्रीनवर उघडलेलं नाही ते सूचीत घालायचं नाही, विषय संपला. आणि कॉपीचं म्हणाल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य पहिल्या, बिनदंडाच्या पायरीत धरलंय, पण मराठी मजकूर सॉफ्टवेअरला नीट पकडता येत नाही म्हणून चालून जाईल असं समजू नका, परीक्षकाला पकडता येतो, त्याने तेच पुस्तक वाचलेलं असतं, कधीकधी त्यानेच लिहिलेलं असतं.

गाईडबद्दल. सर किंवा मॅडम चांगले असले तरी त्यांच्याकडे तुमच्यासारखे सहा-सात जण असतात, त्यात नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कामं, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्युटी. 'सर, काही सुचवा ना' म्हणून गेलात तर ते काहीतरी सुचवतील आणि पुढच्या वेळी विसरतील. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी जा, आदल्या दिवशी दोन पानं पाठवा, आणि दोन नेमके प्रश्न घेऊन जा. भेट झाली की त्याच संध्याकाळी 'आज हे ठरलं' असा तीन ओळींचा मेल टाका. पुढे मत बदललं तर भांडायची वेळ येत नाही. गाईडने प्रश्न फारच मोठा करायला सांगितला, 'संपूर्ण जिल्हा घे' वगैरे, तर नाही म्हणायचं नसतं, 'सर, आधी एका वाचनालयाचं पूर्ण करते, वेळ उरला तर दुसरं घेते' असं म्हणायचं. वेळ उरत नसतोच.

लिखाण डिसेंबरात सुरू करा, सगळं वाचून झाल्यावर नाही. आणि पहिल्या प्रकरणापासून नाही, मधल्यापासून, जिथे तुमच्याकडे तक्ते आणि नोंदी तयार आहेत तिथून. प्रस्तावना ही शेवटून दुसरी गोष्ट, कारण आपण नक्की काय सांगतोय हे तोवर आपल्यालाच माहीत नसतं. मराठीत लिहायचं की इंग्रजीत? विद्यापीठ मुभा देत असेल आणि साहित्य मराठी असेल तर मी मराठीच म्हणेन. इंग्रजीत लिहिताना इतिवृत्तातलं प्रत्येक अवतरण भाषांतर करत बसावं लागतं आणि 'सभेत बरीच भवति न भवति झाली' याची इंग्रजीत पार वाट लागते. पण पुढे बाहेर एमएला अर्ज करणार असाल तर एक प्रकरण तरी इंग्रजीत तयार ठेवा, रायटिंग सॅम्पल मागतात. मराठी टाइप करताना युनिकोडच, डीटीपीवाले काका जुन्या फॉन्टात करून देतो म्हणाले तर नको म्हणा, फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळी चित्रलिपी होते. संदर्भ झोटेरोत (संदर्भ सांभाळणारं फुकट सॉफ्टवेअर) पहिल्या दिवसापासून टाका. फाइलच्या नावात तारीख, ड्राइव्हवर एक प्रत, पेन ड्राइव्हवर एक.

बायंडिंग, सोनेरी अक्षरं, प्रमाणपत्राचं पान, ऋणनिर्देश हे सगळं होतं, त्याला चार दिवस पुरतात, फक्त एचओडींची सही आधी घ्या कारण नेमकं त्या आठवड्यात ते रजेवर असतात.

वायवाला घाबरायचं कारण नाही, तिथे बहुतेक वेळा चारच प्रश्न फिरून फिरून येतात: हीच जागा का, हीच वर्षं का, यातलं तुमचं स्वतःचं काय, आणि यात काय राहिलं. शेवटच्याचं उत्तर 'वेळेअभावी' असं देऊ नका. नेमकं सांगा, देवघेवीच्या वह्या मिळाल्या नाहीत म्हणून पुस्तकं आली हे सांगता येतं पण वाचली गेली की नाही हे सांगता येत नाही. परीक्षकाला हे ऐकायला आवडतं कारण तो पुढचा प्रश्न हाच विचारणार असतो. रजिस्टरच्या पाच-सहा पानांचे फोटो प्रिंट काढून सोबत न्या, तक्ता दाखवताना मूळ पान शेजारी ठेवा. आणि एखादं काहीतरी माहीत नसेल तर 'माहीत नाही, बघून सांगते' म्हणा, तिथे रेटून बोलणारी मुलं मार्क घालवतात.